स्वल्पविरामासकट

बारामतीच्या आमच्या छापखान्यात आता छापायचं काहीच उरलेलं नाही. यंत्रं गेली, अक्षरांच्या खिळ्यांचे खण गेले, शाईचे रिकामे डबेसुद्धा भंगारात गेले. राहिली ती एक लांबट खोली, भिंतीला लावलेले जुन्या अंकांचे गठ्ठे, एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी. मासिक ख्रिस्ती कुटुंबांचं आहे आणि पाटीवर संपादक म्हणून अजून माझंच नाव आहे. खरं मासिक पुण्याची एस्तेर काढते. वयानं माझ्या भाचीएवढी, मला मावशी म्हणते, आणि अख्खा अंक फोनवर तयार करून फोनवरच वाटते. तिनं पाठवलेल्या मजकुरातल्या चुका काढायच्या, एवढंच माझं काम. त्यासाठी या खोलीत येऊन बसायची काही गरज नाही, पलंगावर बसूनही ते होतं. पण मला घरी चुका दिसत नाहीत.

कुलूप उघडलं की आधी वास अंगावर येतो. खिळे धुवायचं रॉकेल, काळी शाई, कागद चिकटवायच्या खळीत घातलेला मोरचूद. यातलं काहीही आता खोलीत नाही. साखर कारखाना सुरू असला तर वाऱ्यावर मळीचा गोडूस आंबट वासही येतो, आणि मग आपण नक्की कुठल्या वर्षात उभे आहोत हे क्षणभर कळत नाही. वस्तू जातात, वास मागं राहतात, याची मला सवय झाली होती. आवाजाची नव्हती. गेल्या महिन्यात भर दुपारी तीन वाजता, याच टेबलाशी बसून मी तात्यांना बोलताना ऐकलं. तात्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं होऊन गेली होती.

तात्या माझ्याआधीचे संपादक. इंदापूरचे. रोज सकाळच्या एसटीनं बारामतीला यायचे, संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे. हातात कापडी पिशवी, तिच्यात एका बाजूला प्रुफं आणि दुसऱ्या बाजूला फडक्यात बांधलेली भाकरी. कधी कधी प्रुफाला लसणाच्या चटणीचा डाग असायचा आणि तात्या त्या डागाभोवती पेन्सिलीनं गोल करून समासात लिहायचे, 'हे काढावे.' विनोद करतानाही चेहरा कोरा. मी शाळा संपवून नुकतीच कामाला लागले होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली, पुढ्यात ओलं प्रूफ ठेवलं, स्वतः लेखकाचा हस्तलिखित कागद हातात घेतला आणि म्हणाले, मी वाचतो, तू बघ.

आमच्याकडे मुद्रितशोधन असंच चालायचं. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्यावर बोट ठेवून चालायचं. आणि वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं. 'विहिरीवर पाणी शेंदताना स्वल्पविराम तिला वाटलं की मागून कुणीतरी हाक मारली पूर्णविराम तिनं वळून पाहिलं अर्धविराम कुणी नव्हतं पूर्णविराम नवा परिच्छेद.' सुख असो, दुःख असो, तात्यांचा सूर एकच. कुणाचं लेकरू गेल्याचा मजकूर असला तरी स्वल्पविराम आपल्या जागी यायचाच. मला आधी हसू यायचं, मग ते थांबलं. वर्षभरात मला सगळीकडे विरामचिन्हं ऐकू यायला लागली. आई रागावली की उद्गारचिन्हं, बाबा काही न बोलता जेवले की तीन टिंबं. रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पाळकसाहेब लांबलचक प्रार्थना करायचे आणि मी डोळे मिटून त्यांचे राहिलेले पूर्णविराम भरत बसायची. आमेन आला की मी दमलेली असायची.

मधेच तात्या थांबायचे. कागदावरून नजर न काढता म्हणायचे, "पोरी, सापडलं का?"

प्रूफ माझ्यापुढे असायचं. त्यांना ते दिसत नसायचं, तशी सोयच नव्हती, मधे हस्तलिखितांचा ढीग असायचा. तरी ते थांबले की तिथं चूक असायचीच. कधी वेलांटी उलटी, कधी अख्खा शब्द गाळलेला. मी घाईघाईनं बोट मागं घ्यायची, शोधायची, आणि सापडल्यावर म्हणायची, सापडलं तात्या. ते म्हणायचे, "बरं. पुढं." त्यांना कसं कळायचं हे मी कधी विचारलं नाही. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचा हात कुठं घसरतो हे त्यांना पाठ असेल, किंवा माझा श्वास अडखळत असेल. डोळा लबाड असतो, त्याला हवं ते तो वाचून घेतो, कान बिचारा पडेल ते घेतो, असं काहीतरी ते सांगायचे. पण ते थांबले आणि खोलीत शांतता झाली की माझ्या मानेवर काटा यायचा, हे खरं.

अंकाच्या मागच्या पानावर 'प्रभूमध्ये झोपी गेलेले' असं सदर असायचं. त्या महिन्यात वारलेल्यांची नावं आणि गावं. आमच्यात माणूस मेला म्हणत नाहीत, झोपी गेला म्हणतात. ते पान वाचायच्या आधी तात्या खिडक्या लावून घ्यायला सांगायचे, कागद उडतील म्हणून. पंखा बंद, खिडक्या बंद, घामाची धार लागलेली, आणि एकेक नाव. प्रत्येक नावानंतर ते पूर्णविराम म्हणायचे आणि मग जरा जास्तच थांबायचे. हजेरी घेताना गुरुजी थांबतात तेवढं.

या पानावर आमच्या हातून एकदा भलतंच घडलं. त्याच्या शेजारच्या पानावर नव्या वर्गणीदारांची यादी होती, आणि पानांची जुळणी करताना दोन्हींचे मथळे एकमेकांच्या जागी बसले. नवे वर्गणीदार सगळे झोपी गेले आणि मेलेल्यांचं आम्ही मासिक परिवारात मनःपूर्वक स्वागत केलं. मजकूर अक्षरन् अक्षर तपासला होता, मथळे तेवढे आम्ही गृहीत धरले होते. डाळजच्या एका म्हाताऱ्या वर्गणीदाराचं पोस्टकार्ड आलं, 'मी अजून जागा आहे, अंक पाठवत जावा.' तात्यांनी ते कार्ड बरेच दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. आम्ही खूप हसलो. पण त्याच घोटाळ्यात वारलेल्यांपैकी एकाचं नाव पत्त्यांच्या वहीत चढलं आणि त्याच्या नावानं अंक जात राहिला. घरात मागं कुणी नव्हतं, असं नंतर कळलं. न घेतलेले अंक टपालातून परत येतात. तो एकही अंक परत आला नाही.

मग बघता बघता सगळं बदललं. संगणक आला, खिळे गेले, आणि प्रुफाचा ओला वास गेला. पुढं एकदा जुने अंक नव्या अक्षरांत ओतले तेव्हा रफार आपापली जागा सोडून पळाले आणि अंकात जिथं जिथं स्वर्ग होता तिथं तिथं तो मोडला. मी चार दिवस स्वर्ग दुरुस्त करत बसले होते. तात्या तोवर निवृत्त झाले होते. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, तू काम चांगलंच निवडलंयस. पुढं मोठ्यानं वाचायची पद्धत गेली. संगणकच चुकांखाली लाल रेघा मारायला लागला, आमच्या निम्म्या बरोबर शब्दांखालीसुद्धा. मी एकटीच मनातल्या मनात वाचायला लागले. तात्या वारले त्या महिन्याचं मागचं पान मी खिडक्या लावून मोठ्यानं वाचलं. समोरच्या खुर्चीत बघणारं कुणी नव्हतं.

कॅसेटींचं सांगायचं राहिलं. लग्नानंतर दोन वर्षं मी अंथुर्ण्याला सासरी होते आणि त्यातलं बरंचसं अंथरुणाला खिळून होते. का, ते सांगत बसत नाही. तात्यांनी काम काढून घेतलं नाही. ते सकाळी इंदापूरला घरीच टेपरेकॉर्डरपुढं बसून मूळ कागद वाचायचे, स्वल्पविरामासकट, आणि कॅसेट नि प्रूफ एका पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. अंथुर्ण्याच्या फाट्यावर कुणीतरी ते घेऊन यायचं. मी उताणी पडून, छातीवर पाटी आणि पाटीवर प्रूफ ठेवून ऐकायची. मागं त्यांच्या घरातले आवाज असायचे. तव्यावर उलथनं, कोंबड्या, आणि दारात कुणाशी तरी बोलणारी त्यांची बायको, शांताकाकी. मधेच तात्या थांबायचे. "पोरी, सापडलं का?" आणि कॅसेटमध्ये ते खरोखर थांबायचे. नुसती फीत सरकत असायची, खरखर, आणि मला शोधायला जेवढा वेळ लागेल तेवढाच वेळ त्यांनी सोडलेला असायचा. मी मोठ्यानं म्हणायची, सापडलं तात्या. ते म्हणायचे, "बरं. पुढं."

सासूबाई एकदा दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्या दिवसापासून दुपारच्या वेळी त्या माझ्या खोलीत यायच्या थांबल्या.

त्या सत्तावीस कॅसेटी मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी एस्तेर म्हणाली, मावशी, बुरशी लागेल, द्या, संगणकात उतरवून ठेवते. मी डबा दिला. मला वाटलं, मी डबाच देते आहे. काकींना विचारायला हवं होतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तर त्या दुपारी एस्तेरनं फोनवर एक फाइल पाठवली. निवांत ऐका, गंमत आहे, एवढाच निरोप. मी बटण दाबलं आणि तात्या बोलायला लागले. ते वाचत होते माझा मजकूर. पुढच्या अंकासाठी मी तीनच दिवसांपूर्वी लिहिलेलं संपादकीय. माझी वाक्यं, माझे शब्द, आणि त्यांचा सूर. मधे खोकला, तोही त्यांचाच. 'हा महिना आठवणींचा स्वल्पविराम आपल्यातून गेलेल्यांचा पूर्णविराम.' कॅसेटींवरून तात्यांचा आवाज शिकलेल्या यंत्राला वाटलं होतं की हा माणूस असाच बोलतो. मी हसले आणि रडलेही, दोन्ही एकदम, कारण तो खरंच असाच बोलायचा.

तिसऱ्या परिच्छेदात ते थांबले. "पोरी, सापडलं का?"

हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. फोनमधून अंथुर्ण्याची ती खरखर यायला लागली. बाहेर रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याची गाणी गेली, आणि खोलीत फक्त फीत सरकत राहिली, जी फीत तिथं नव्हतीच. मी पुढ्यातला कागद बघितला. तो मी चारदा तपासला होता. संगणकानं एकही लाल रेघ मारली नव्हती. 'या महिन्यात आपण आपल्या माणसांचे मरण करू या.' स्मरणातला अर्धा स पडला होता. शब्द शुद्धच होता, म्हणून कुणाच्या डोळ्याला टोचला नव्हता.

मी मोठ्यानं म्हणाले, सापडलं तात्या.

"बरं. पुढं."

त्या कॅसेटींमध्ये त्या प्रश्नानंतर नेहमी हेच यायचं, यंत्र दुसरं काय म्हणणार, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी फोन टेबलावर उलटा ठेवला, दार उघडलं आणि पायरीवर उन्हात जाऊन बसले. पुढचं मी ऐकलं नाही.

एस्तेरला फोन केला. ती म्हणाली की यंत्रात तसले तुकडे राहून जातात, कुठंही उगवतात, पुढच्या वेळेला ते साफ करू. चूक नेमकी तिथंच होती असं मी सांगितलं. "योगायोग असेल, मावशी," ती म्हणाली. मग तिनं मुद्द्याचं सांगितलं. मासिक चालवणारे विश्वस्त कंटाळले होते. म्हाताऱ्यांना दिसत नाही, नातवंडांना मराठी वाचता येत नाही, कुणी वाचत नसेल तर कशाला काढायचं, असा सूर होता. पण रोज सकाळी बायबलच्या एखाद्या वचनावरचं छोटं मनन तात्यांच्या आवाजात घराघरात गेलं तर लोक ऐकतील. रविवारी वाड्यावस्त्यांवर जाऊन त्यांनी किती वर्षं उपदेश केले, लोक तो आवाज ओळखतात. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त घरच्यांची सही हवी होती, आणि तात्यांच्या घरचं म्हणजे एक शांताकाकी. तुम्ही गेलात तर काकी नाही म्हणणार नाहीत, असं म्हणून तिनं कागद पाठवला.

मला ती सही हवी होती. मासिकासाठी हवी होती असं मी जाताना स्वतःला सांगत होते, पण ते खरं नव्हतं. मासिकं बंद पडलेली मी खूप बघितली आहेत. मला रोज सकाळी तो आवाज हवा होता. माझे वडील गेले तेव्हा मी जेवढी पोरकी झाले नव्हते तेवढी तात्या गेल्यावर झाले, आणि हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी एस्तेरनं साफ केलेला आवाज पाठवला. स्वल्पविराम गेले होते, खोकला गेला होता, फितीची खरखर गेली होती. तूप लावल्यासारखा सरळ आवाज. सोबत एक रिकामी चौकट होती, तिच्यात काहीही लिहायचं आणि बटण दाबायचं, तात्या ते बोलणार. मी लिहिलं, सलाम. ते म्हणाले, "सलाम." आमच्या समाजात सकाळी भेटलं की सलाम म्हणतात, तसंच. मग मी लिहिलं, 'पोरी, तू काम चांगलं केलंस.' असं ते हयातीत एकदाही म्हणाले नव्हते. बटणावर बोट ठेवून मी बराच वेळ बसले आणि मग एकेक अक्षर मागून पुसून टाकलं.

सकाळच्या एसटीनं इंदापूरला गेले. तात्यांची रोजची वाट, फक्त उलट्या दिशेनं. काटेवाडीला दुधाच्या किटल्या घेऊन उभी असलेली माणसं, दोन्ही बाजूंनी ऊस, आणि मधेच एखादं तोडून मोकळं झालेलं रान, तिथं धूर. अंथुर्ण्याच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा कुणीही चढलं नाही, कुणीही उतरलं नाही. तरी कंडक्टरनं दार उघडून बाहेर बघितलं, काहीतरी घ्यायचं किंवा द्यायचं राहिल्यासारखं, आणि घंटी मारली. मी पिशवीतला कागद जागेवर आहे का ते चाचपून बघितलं.

काकी दारात मेथी निवडत बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे मेथी बोटांनीच बघत होत्या. सलाम काकी म्हटल्यावर मान वर न करता म्हणाल्या, तूच व्हय, तुझी चप्पल कळती. घरात तात्यांची खुर्ची होती, तिच्यावर कुणी बसत नसावं, बैठक ताणलेलीच होती. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि सगळं सरळ सांगितलं. कॅसेटी, यंत्र, आवाज, मासिक, सही. तुम्हांला न विचारता डबा दिला हेही सांगितलं. त्या मेथी निवडत राहिल्या. फक्त शेवटी म्हणाल्या, ऐकव.

मी साफ केलेला आवाज लावला. तात्या एक लहानसं मनन वाचत होते. काकींची बोटं थांबली. एक काडी हातात तशीच राहिली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता रडतील, आता पदर डोळ्यांना लावतील म्हणून. तसं काही झालं नाही. त्या कान देऊन ऐकत होत्या, आतल्या खोलीत कुणी आलंय का हे ऐकावं तशा.

"ह्यो मानूस दम कुठं घेतोय गं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की ते काढून टाकलंय, ऐकायला बरं वाटावं म्हणून.

"दम काढला," त्या म्हणाल्या. "मंग ऱ्हायलं काय?"

मी काहीबाही बोलत राहिले. मासिक बंद पडेल, लोक आता वाचत नाहीत, लोकांना ऐकायला हवं असतं, तात्यांनी आयुष्य घातलं त्यात. बोलताना मला माझाच आवाज एस्तेरसारखा वाटायला लागला. काकींनी मेथीची जुडी बाजूला सारली. त्यांच्या पांढुरक्या डोळ्यांना मी दिसत नव्हते, तरी त्या बरोबर माझ्याकडेच बघत होत्या.

"झोपी गेलं म्हणून आपुनच छापलंय न्हवं? तूच छापलंस. मंग झोपलेल्या मानसाला रोज सकाळी उठवून कामाला लावायचं व्हय?"

इतकी वर्षं ते पान मी तपासलं, त्यातला प्रत्येक शब्द खरा मानला असं मला वाटत होतं. खरा मानला होता तो या बाईनं.

"आन वाचायचंच आसंल तर तू वाच की," त्या म्हणाल्या. "तुला काय तोंड न्हाय?"

माझा आवाज कोण ऐकणार, असं मी म्हणाले.

"म्या ऐकीन."

मी कागद घडी करून पिशवीत परत ठेवला. मला वाईट वाटत होतं आणि हलकंही वाटत होतं. फोन बंद करायला हात पुढं केला तर काकी म्हणाल्या, थांब. त्यात आपण लिहू ते बोलतात असं तू सांगितलंस ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. दारातून ऊन आत सरकलं होतं आणि मेथीचा हिरवा, कडसर वास खोलीत पसरला होता.

मग त्यांनी सांगितलं. घरातून निघताना आपल्याकडे कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात, तसंच तात्याही म्हणायचे. बारामतीला निघाले की दारातून 'येतो गं, शांता,' आणि संध्याकाळी यायचेच. चार वर्षांपूर्वी दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा त्यांच्या तोंडावर नळी होती. बोलता येईना. गाडीत घालताना त्यांनी हातानं खूण केली. काकींनी तो हात मला करून दाखवला, बोटं स्वतःकडे वळवलेला. येतो.

"हातानंच म्हनलं, पर म्हनलं," काकी म्हणाल्या. "ह्यांनी मला कवा खोटं सांगितलं न्हाय. तवाधरनं संध्याकाळी गाडीच्या टायमाला ह्या दारात पाऊल वाजतं. रोज. म्या घाबरत न्हाय, माजाच मानूस हाय. पर त्यो आत येत न्हाय आन माघारी बी जात न्हाय. उंबऱ्याशी हुबा ऱ्हातो. शब्द दिलाय म्हनून अडकलाय गं त्यो."

माझ्या पाठीमागे तो उंबरा होता.

"त्यांना एकदा जातो म्हनायला लाव," त्या म्हणाल्या. "मंग पुसून टाक समदं."

मी चौकट उघडली. तात्यांच्या मजकुराला मी आयुष्यात कधी हात लावला नव्हता, त्यांची काना-मात्रासुद्धा बदलली नव्हती, आणि आता त्यांच्या तोंडचा एक शब्द मी बदलणार होते. बदलला की ते काकींचे जाणार होते तसे माझेही जाणार होते. मला ते नको होतं. मी तसं म्हणालेही, काकी, मला नको वाटतंय. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

मी लिहिलं. बटण दाबलं.

"जातो गं, शांता," तात्या म्हणाले.

काकींनी पदर डोक्यावर सारखा केला आणि भिंतीला धरून त्या उठल्या. माझ्या बाजूनं, चाचपडत, दारापर्यंत गेल्या. घरातलं माणूस गावाला निघालं की बाई उंबऱ्यापर्यंत जाते तशा उभ्या राहिल्या आणि बाहेरच्या उन्हात, रस्त्याच्या अंगाला तोंड करून हळू आवाजात म्हणाल्या, "जावा. मागं बघू नगा."